पुन्हाचा रकाना

चिरुंडूच्या नाक्यावर ट्रक चार-चार दिवस उभे असतात.
तांबं दक्षिणेला जातं, साबण आणि मका वर येतो,
आणि मधल्या वेळात माणसांना उकडतं,
झोप येत नाही, घर आठवतं किंवा आठवत नाही.
आमचा दवाखाना वजनकाट्याच्या मागे.
दाराचा हिरवा रंग मी निवडलाय. तेवढंच माझ्या हातात होतं.

वही मोठी आहे. रकाने राजधानीतूनच आखून येतात:
वय. लग्न. जोडीदार किती.
दारू. निरोध नेहमी, कधीकधी, कधीच नाही.
आणि अगदी कडेला, शिवणीत जाणारा, अरुंद:
पुन्हा?
त्यात एक खूण मावते. शब्द मावत नाही.

चोल्वे मुनसाका, बावीस, सुके कपेंटा विकते.
मार्चमध्ये पहिल्यांदा आली.
सुई घेतली. हूं नाही की चूं नाही.
मी तिला गुलाबी चिठ्ठी दिली, त्याच्यासाठी:
दोघांनी एकदमच बरं व्हायचं असतं, बाई.
तिने ती चितेंगेच्या गाठीत बांधली, नोटेसारखी.

जूनमध्ये पुन्हा.
चिठ्ठी दिलीस?
ती खिडकीबाहेर बघत राहिली.
बाहेर एक ट्रक टूं टूं करत मागे येत होता, संपतच नव्हता.
"दिली तर विचारेल, हे तुला कुणी दिलं.
कागदाबद्दल नाही विचारणार, सिस्टर."

निरोधाचं विचारायची ती वेळ नव्हती,
पण वहीत जागा होती, म्हणून विचारलं.
ती चक्क हसली.
"बाकीच्यांना सांगते की. ह्याला कसं सांगू?
हा माझ्या भावाची फी भरतो.
घरात शिरल्यावर छत्री उघडी ठेवून कोण बसतं?"
मी खूण केली.

जुलैत लुसाकाहून नामासिकू नावाची मुलगी आली,
डोळ्यांत कळकळ, मांडीवर संगणक.
दोन दिवस वही चाळली. मग म्हणाली,
कमी वय, दारू, फिरतीचा जोडीदार,
ह्यातलं मुख्य कारण तुम्हाला कुठलं वाटतं?
मी तिला चहा दिला.
माशाला कुणी विचारावं का,
जाळ्यातली मुख्य गाठ कुठली?

ऑगस्टात तो स्वतः आला.
गारिकाय. मुतारेचा. टोपी काढून दारातच उभा.
खिशातून दोन चिठ्ठ्या निघाल्या:
एक गुलाबी, माझ्या अक्षरातली, घामाने मऊ पडलेली,
आणि एक पिवळी, नदीपलीकडच्या दवाखान्याची,
दुसऱ्याच बाईच्या नावाची.
दोन्ही त्याने टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या
आणि बोटाने सरळ केल्या.
एवढ्या वर्षांत चिठ्ठी घेऊन आलेला हा चौथा पुरुष.

त्या दिवशी कपाटात सुया होत्या.
औषध नव्हतं.
गुरुवारी येईल, असं वरून कळवलं होतं.
कुठल्या गुरुवारी, ते कळवलं नव्हतं.
पलीकडून मागवून बघते, थांबा, म्हटलं.
थांबला. बाकावर, चारपर्यंत, गुडघे जुळवून,
शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.
आणि चार दिवस अडलेला ट्रक
नेमका तेव्हाच सुटला.
हॉर्न तीनदा वाजला. तो माझ्याकडे बघत होता.
जा, म्हणाले मी. आणखी काय म्हणणार?

ऑक्टोबर. झांबेझीचं पाणी उतरलेलं, उन्हाने पत्रा तडतडतोय.
चोल्वे. आता पोट दिसतंय.
कपाट भरलेलं आहे. सुई मी हलक्या हाताने देते,
जणू त्याने काही भरून निघेल.
"मी दिली होती त्याला," ती म्हणते, पालथीच, उशीत तोंड घालून.
"तुम्ही म्हणालात तसं सगळं केलं.
आला नाही ना तो?"

पिवळ्या चिठ्ठीबद्दल मला बोलता येत नाही.
बाकीचं येतं.
आला होता, म्हणते.
ती मान वळवून बघते. कितीतरी वेळ बघते.

ती गेल्यावर वही उघडली.
कडेच्या अरुंद रकान्यात तिची खूण केली, तिसरी.
मग रेघ ओलांडून, जिथे लिहायची परवानगी नाही
त्या कोऱ्या पट्टीवर,
बारीक अक्षरात लिहिलं:
गुरुवार.